चष्म्यातला वाघ आणि माझं तोंड

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई मी बोलायला लागले तेव्हापासून सांगत आली आहे. जिभेला हाड कोणाच्याच नसतं, हे शाळेत विज्ञान शिकल्यावर मी तिला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "हेच. हेच म्हणून राहिलो मी." त्यामुळे एक अख्खा दिवस गप्प राहायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा घरात कोणाचाच विश्वास बसेना. माझा तर मुळीच नव्हता.

वेळ आली ती सोयरिकीपायी. गोंदियाच्या कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगा होता. दरेकशाकडच्या जंगलातल्या गावचा, मागच्या बाकावरचा, इतका कमी बोलणारा की हजेरीला 'यस सर' म्हणणंही त्याच्या जिवावर यायचं. मला तो आवडायचा. मी बोलायचे, तो ऐकायचा, आणि असा ऐकणारा दुसरा मिळणार नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. लग्नाचं त्यानं विचारलं ते नवेगावची एसटी सुटता सुटता, खिडकीखाली उभं राहून. मी हो म्हणाले ते त्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग मी मान इतक्या जोरात हलवली की शेजारची बाई म्हणाली, "मळमळून राहिलं का व?"

जात एक, धानाची शेती दोन्हीकडं, त्यामुळे दोन्ही घरची बोलणी सरळ चालली होती. अडचण होती ती त्याच्या आईची. तिला सून गप्प पाहिजे होती. तोंडाळ पोरगी घरात आली की घराचा बाजार होते, असं तिचं म्हणणं होतं म्हणे. त्यानं फोनवर मला हे सांगितलं आणि पुढं म्हणाला, "मंडईले येऊन राहिले ते लोकं. तू एक दिवस फक्त चूप राह्य."

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं.

तो नुसता खाकरला. मग म्हणाला, "मंग पाहू."

झालं, एवढाच आमचा बेत.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी दंडार, म्हणजे तोंडाला रंग फासून ढोलकीवर केलेलं नाचगाणं, रात्री नाटक, मधल्या वेळात जिलबी, बांगड्या, आकाशपाळणा आणि पावण्यांची ही गर्दी. पण मंडईचं खरं काम वेगळंच असतं. मुलाकडचे लोक मंडई पाहायच्या निमित्तानं गावात येतात, मुलगी गर्दीत दुरून पाहतात, ओळख दाखवत नाहीत. पसंत नसली तर तसेच परस्पर निघून जातात. कोणाचा अपमान नाही, कोणाला स्पष्टीकरण नाही. पसंत असली तर संध्याकाळी घरी चहाला येतात आणि पहिल्यांदाच पाहिल्यासारखं करतात. पावणे चहाला आले म्हणजे अर्धं लग्न जमलं समजायचं.

आता गंमत पाहा. त्यांनी मला पाहायचं, पण मी त्यांना ओळखायचं नाही. त्याच्या आईचा एकच फोटो मी त्याच्या मोबाईलवर पाहिला होता. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळ्यांवर ऊन, तोंड वाकडं. त्या फोटोवरून मी माझ्या सख्ख्या आईलाही ओळखलं नसतं. म्हणजे मंडईतली प्रत्येक अनोळखी बाई माझी होणारी सासू असू शकत होती, आणि मंडईत तर अर्ध्या बाया अनोळखी.

सकाळपासून मी तोंडात मूग धरून फिरत होते. सोबत राखण म्हणून वहिनी. ही वहिनी लग्न होऊन आली त्या दिवसापासून मी तिला उत्तरं देत आले होते, आणि ती सगळी परत करायला तिला हा एकच दिवस मिळाला होता. ती सोडते होय? भेटेल त्या बाईला सांगत सुटली, "हिले भाजी चिरता येत नाही. हे सकाळी उठत नाही. हे झोपीत घोरते." मी हसत होते. बांगडीवाल्यानं माझ्या हातात लहान मापाच्या बांगड्या कोंबल्या आणि "दीदी, हाथ मोटा है आपका" म्हणाला, तरी मी हसले. दूरच्या एका आत्यानं हनुवटी धरून विचारलं, "काऊन व, इतकी काळी पडली?" तेव्हाही हसले. हसून हसून गाल दुखायला लागले, आणि पोटात न बोललेलं इतकं साचलं की मला खरंच मळमळायला लागलं.

अशात तो तंबू दिसला.

निळ्या ताडपत्रीचा तंबू, बाहेर वाघाचं चित्र आणि त्याखाली 'वी.आर. जंगल सफारी, हिम्मत है तो अंदर आओ'. रायपूरकडचा एक माणूस दारात ओरडत होता, "आभासी दुनिया, भाई! चश्मा लगाओ, जंगल में जाओ, जिंदा वापस आओ!" आत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचं, तो तोंडावर एक मोठा काळा डबा बांधायचा, डब्यात मोबाईल. त्या काळी मोबाईलवर नेट पाहायला आम्ही तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहायचो, आणि इथं म्हणे मान फिरवली की जंगलही फिरते. माणसं बाहेर पडायची ती घाम पुसत, खोटं खोटं हसत.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबा लावला की तोंड झाकलं. तोंड झाकलं की मी कोण हे कोणाला कळायचं नाही, कोणी बोलायला येणार नाही, वहिनीही आत येणार नाही कारण ती पहिल्या नंबरची भित्री. गप्प राहायला सगळ्या मंडईत याहून सुरक्षित जागा नव्हती. मी तिकीट काढलं.

आत माझ्याशिवाय तिघं होती, आणि कोणीच कोणाच्या ओळखीचं नव्हतं. एक धोतरवाला म्हातारा, नव्या जीन्समधला, केसांना जेल लावलेला एक पोरगा, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर हिरव्या लुगड्यातली एक बाई. तिचं तोंड मी पाहिलंच नाही, कारण मी गेले तेव्हा तिच्या तोंडावर डबा बांधून झाला होता. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात घट्ट. माझ्याही तोंडावर डबा आला. आतून खोबरेल तेलाचा आणि परक्या घामाचा वास मारत होता. रायपूरवाल्यानं चारही मोबाईल एकदम चालू केले आणि कोपऱ्यातला एक भलामोठा स्पीकर लावला.

सुरुवातीला आम्ही सगळे एका नावेत होतो. खाली पाणी, चारी बाजूंनी जंगल. धोतरवाल्या बाबांनी नक्कीच पाय वर घेतले असावेत, कारण त्यांचा आवाज आला, "पानी कितीक हाये गा?" जीन्सवाला म्हणाला, "बाबाजी, हे खोटं होय. व्हिडिओ होय." मग नाव दोरीच्या पुलाशी लागली, पूल हलायला लागला, आणि "बापा बापा बापा" असं म्हणणारा आवाज जीन्सवाल्याचाच होता. मला हसू आवरेना. चष्म्यात तोंड झाकून फुकट हसायला मिळत होतं, सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटत होतं. झाडं मात्र आमच्याकडची नव्हती. ना मोह, ना साग, ना तेंदू. नुसतंच हिरवं गचपण.

पूल संपला. चालता चालता थांबल्यासारखं झालं. पाखरांचा आवाज बंद पडला.

आता एक सांगते. मोहाची फुलं वेचायला आमच्याकडे एकटी बाई जात नाही. जोडीनं जातात. एक वाकून वेचते आणि दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून ताठ उभी राहते, जंगलाकडं पाहत. टोपली भरली की पाळी बदलायची. वाघाला उभ्या माणसाचा भरवसा वाटत नाही. तो वाकलेल्याला, बसलेल्याला नेतो. म्हणून वाघ दिसला तर पळायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही. उभं राहायचं, पाठ सोडायची नाही आणि जीव खाऊन ओरडायचं. हे मला आईनं फ्रॉक घालत होते तेव्हापासून शिकवलं आहे. माझ्या अंगात ते इतकं मुरलंय की घरात कोणी केर काढायला वाकलं तरी माझी मान मागं वळते.

वाघ मागून आला. गुरगुरणं ऐकून मी मान वळवली तर हा एवढा जबडा. खोटा होता, मोबाईलमधला होता, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या पाठीला ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली, धप्पकन आवाज आला, आणि ती हिरव्या लुगड्याची बाई खाली बसल्याचं मला कळलं. माझ्या पायापाशी ती कण्हत होती, "माय व, माय व." बसली होती. वाघासमोर बसली होती.

सकाळपासून तोंडात धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"ऊठ ना व बुढे!" मी ओरडले. "बसते कायले? बसलेल्याले नेते थो! ऊठ म्हणतो ना, मेली का काय!" आणि आंधळ्यासारखी हात फिरवून मी तिचा दंड धरला, ओढून उभी केली, गर्रकन फिरवली आणि तिच्या पाठीला पाठ लावली. "पाठ सोडू नोको! बोंबल!"

ती बोंबलली. काय बोंबलली ती बाई. वाघाच्या आईबापाचा उद्धार तिनं असा केला की मीही दोन नवे शब्द शिकले. तेवढ्यात आणखी एक हाडकुळी पाठ येऊन टेकली, ते धोतरवाले बाबा. मग जेलचा वास आला, तो जीन्सवाला. एकमेकांना कधीही न पाहिलेली आम्ही चार माणसं, तोंडावर डबे बांधून, पाठीला पाठ लावून तंबूच्या मधोमध उभी होतो आणि "हो, हो, हो" करून वाघ हाकत होतो. डबा काढला तर वाघ जाईल, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे वाघासमोर डोळे झाकत नसतात.

बाहेरच्या लोकांना ताडपत्रीआड काय चाललंय ते दिसत नव्हतं. नुसतं "वाघ" ऐकू आलं. जंगलाकाठचं गाव. कोणीतरी जिलबीवाल्याची परात वाजवायला घेतली, दंडारीतल्या ढोलकीवाल्यानं ढोलकी बडवली, आणि साऱ्या मंडईत हाकारा सुरू झाला. रायपूरवाला घसा फोडून सांगत होता, "अरे चश्मा उतारो! दीदी, चश्मा उतारो!" मी चप्पल काढली आणि वाघाच्या थोबाडावर नेम धरून मारली. ती स्पीकरला लागली. स्पीकर कोलमडला आणि आवाज बंद झाला. वाघ समोर आ वासून उभा, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा कुठं मी भानावर आले. डबा काढला. प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्यापालट्या, बाकीचे तिघं अजून डब्यातच, हातवारे करत. आपण काय केलंय हे कळल्याबरोबर पाचावर धारण बसली. ओढणी तोंडावर घेतली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी मी ताडपत्रीखालून धूम ठोकली. कोणी तोंड पाहिलं नाही, एवढंच समाधान.

घरी येऊन आरशात पाहिलं तर नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत डब्याचा लालभडक वळ. त्यावर पावडर थापली. आणखी थापली. वहिनी म्हणाली, "दंडारीत काम करून राहिली का व?" मी गप्प.

आणि संध्याकाळी पावणे आले. माझा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हळूच पाहिलं. पुढं सासरे, मागं एक काका, त्यांच्यामागं अंगणात चपला काढत असलेली बाई. हिरवं लुगडं. हातात तीच पिशवी. वर पाहिलं तर नाकावर, कपाळावर लाल वळ.

मी खाली बसले. वाघासमोर बसले नव्हते, तिथं बसले.

तिनं माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण आवाज? आवाज तर सगळ्या मंडईनं ऐकला होता. एक शब्द तोंडातून निघाला की सोयरीक मोडली. बुढे म्हणाले होते मी तिला. मेली का काय, असंही म्हणाले होते. दिवसभर गप्प राहायचं ते सून म्हणून शोभावं म्हणून. आता गप्प राहायचं होतं ते पकडली जाऊ नये म्हणून.

चहाचा ट्रे घेऊन गेले. खाली मान घालून बसले. तिनं विचारलं, "काय नाव हाये, माय?" मी हसले. नाव बापानं सांगितलं. "शिक्षण?" मी हसले. शिक्षण वहिनीनं सांगितलं. "मोह वेचाले जाते का जंगलात?" मी मान हलवली. सासरे काकांकडं पाहायला लागले. काका छताकडं. शेवटी ती बाई बापाला म्हणाली, "राग मानू नोका. पण पोरीले बोलता येते ना?"

जन्मभर मला गप्प बस म्हणणारा माझा बाप दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. म्हणाला, "बोल ना, बाई. काहीतरी बोल." त्याचा आवाज इतका केविलवाणा निघाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोलले तर गेलं, नाही बोलले तरी गेलं. मला तो मुलगा पाहिजे होता. तोच पाहिजे होता. आणि मी पावडर फासलेल्या बाहुलीगत बसून होते.

ती उठली. म्हणाली, "हातपाय धुतो मी. मांगचं दार कुठी हाये?" बाकीच्यांची तोंडं पडली. चहा अर्धा टाकून उठणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी तांब्या घेऊन मागं गेले.

आमच्या मागच्या दाराला सांदवाडीचं परस, त्याच्यापुढं कापणी झालेल्या धानशेताची बांधी, आणि बांधीपलीकडं जंगल. दिवस नुकताच मावळला होता. मी पाण्याच्या पितळी गुंडातून तांब्या भरून तिच्या हातात दिला. ती दगडावर उभी राहिली आणि पाय धुवायला वाकली.

आणि मी वळले. ठरवून नाही; पाठ आपोआप फिरली. तिच्या पाठीला पाठ लागली आणि मी ताठ उभी राहून जंगलाकडं पाहायला लागले.

मागं पाण्याचा आवाज थांबला.

"हेच पाठ होय," ती म्हणाली.

मी जंगलावरचे डोळे हलवले नाहीत.

"दुपारी लय बोलत होती. आता कायले गप?" ती तशीच वाकलेली होती. "तुई चप्पल माझ्या पिशवीत हाये. त्या गोंधळात मीच उचलली. म्हटलं, ज्या पोरीची होय ते पोरगी पाहाची."

आता लपवायचं काय उरलं होतं? "चुकलं," मी म्हणाले. "बुढी म्हटलं तुमाले."

"बुढीच तं हावो." तिनं तांब्या दगडावर ठेवला. मग तिचा आवाज खाली आला. "माई जाऊ मोह वेचत होती. तिच्या मांगं आमची ननंद उभी होती. गप राहणारी, गुणाची. सारं गाव तिची तारीफ करे. ते पानी प्याले कधी निघून गेली, जावेले समजलंच नाही. जाऊ वाकूनच होती. तिले वाटलं, मांगं हाये."

बांधीत एक टिटवी ओरडत गेली. माझ्या पाठीला तिची पाठ लागलेली होती.

"मंग तुमाले गप सून कायले पाहिजे होती?" मी विचारलं.

"लोकं म्हणते म्हणून म्हणत होतो," ती म्हणाली. "गप माणूस मांगून कवा जाते, समजत नाही. बोल तू. पाय धुऊन होतवर बोलत राह्य."

मी बोलले. वहिनी दिवसभर कशी सूड घेत होती ते सांगितलं, बांगडीवाल्याचं सांगितलं, ते धोतरवाले बाबा नावेत पाय वर घेऊन कसे बसले असतील ते सांगितलं. तुमच्या पोरानं मला गप्प राहायला लावलं हे चुगलीसारखं सांगितलं, आणि तो मला किती आवडतो हेही सांगून टाकलं. नाक ओढत, रडत, हसत बोलत राहिले, डोळे मात्र जंगलावर. मागं ती सावकाश एक पाय धूत होती, मग दुसरा.

तांब्या रिकामा झाला.

"आणखी पानी आणतो," मी म्हणाले.

"आण," ती म्हणाली, आणि लगेच माझा हात धरला. "नोको. राहू दे. इथंच उभी राह्य."